कारखान्यातल्या लिनक्स सर्व्हरवरून जाणारे मेल बाहेर कुणीच घेत नाही

डिस्पॅच_अक्कलकोटरोड · सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे, तिथे मी डिस्पॅच बघतो. ऑफिसात कॉम्प्युटर उघडून आत बघायची हिंमत करणारा मी एकटाच, म्हणून लिनक्सचा सर्व्हरही माझ्याच गळ्यात आला. हा सर्व्हर म्हणजे जुना डेस्कटॉप आहे, त्यावर उबुंटू २२.०४. मागच्या केबिनमध्ये असतो, भिंतीपलीकडे लूम. दर महिन्याला पंख्यातली रुई काढावी लागते.

त्याच्याकडून दोन कामं होतात. रात्रपाळीचा उत्पादनाचा रिपोर्ट सकाळी साडेसहाला मालकांच्या जीमेलवर जातो. आणि गाठी भरून गाडी निघाली की पॅकिंग लिस्ट आणि बिल्टीची पीडीएफ व्यापाऱ्याला जाते. दोन्ही आता बंद. मुंबईच्या व्यापाऱ्याचा फोन आला, "गाडी दारात उभी आहे, लिस्ट कुठाय?" मी म्हटलं पाठवलीय. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हिरव्या अक्षरात "पाठवले" असंच दिसतं.

मेल पाठवायला पोस्टफिक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. मेल लॉगमध्ये तीन प्रकारचा नकार दिसतो:

जीमेलकडून: ५५०-५.७.१, पुढे मोठं वाक्य, की तुमच्या आयपीवरून थेट आमच्याकडे मेल पाठवायची परवानगी नाही, तुमच्या सर्व्हिस प्रोव्हायडरचा रिले (मेल पुढे पोचवणारा त्यांचा सर्व्हर) वापरा.

व्यापाऱ्याकडून: ४५० ४.७.१ <टॉवेल.लोकल>: हेलो कमांड रिजेक्टेड: होस्ट नॉट फाउंड.

इचलकरंजीच्या सूतवाल्याकडून: ४५० ४.१.८ <रूट@टॉवेल.लोकल>: सेंडर ॲड्रेस रिजेक्टेड: डोमेन नॉट फाउंड.

सर्व्हरचा पत्ता १९२.१६८.१.२० आहे. हा खासगी पत्ता बाहेर चालत नाही म्हणून असं होतंय का? सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या आधी इंटरनेटची लाइन बदलली. त्याआधी सगळं व्यवस्थित जायचं, असं जुना माणूस सांगायचा. तो आता पुण्याला गेला.

---

विजापूररोडकर · सोमवार, रात्री १०:१५

स्टॅटिक आयपी घ्या. प्रोव्हायडरला सांगून त्यावर रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सापडायची नोंद) लावून घ्या, होस्टनेम त्याच नावाचं करा. माझ्या दुकानात असंच केलं होतं. महिन्याला थोडे जास्त पैसे जातात, पण कटकट मिटते.

---

रांगेतला_मेल · सोमवार, रात्री ११:०५

स्टॅटिक आयपीचे पैसे भरायच्या आधी जरा थांबा. तुम्ही लॉगच्या ओळी जशाच्या तशा दिल्यात हे फार बरं केलंत. नाहीतर "मेल जात नाही" एवढंच लिहितात लोक, आणि मग आम्ही इथे पत्रिका बघत बसतो.

तीन नकार आहेत आणि तिघांची तक्रार वेगवेगळी आहे. जीमेल तुमच्या आयपीवर नाराज आहे. व्यापाऱ्याचा सर्व्हर तुमच्या मशीनच्या नावावर अडलाय, हेलो म्हणताना मशीन आपलं नाव सांगतं ते. सूतवाल्याचा सर्व्हर पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. एक दुरुस्त केलं म्हणून बाकीचे सुटणार नाहीत.

१९२.१६८ बद्दल: तो पत्ता यात दोषी नाही. १९२.१६८, १० आणि १७२.१६ ते १७२.३१ हे पत्ते घरगुती वापरासाठीच राखून ठेवलेत, आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात, १९९६ पासून. बाहेर पडताना राउटर ते बदलतो, म्हणून जीमेलला तुमचा १.२० कधी दिसलाच नाही. त्याला दिसतो राउटरचा बाहेरचा पत्ता, आणि ब्रॉडबँड ग्राहकांना दिलेल्या पत्त्यांच्या गठ्ठ्यातून थेट आलेला मेल मोठे मेलवाले घेत नाहीत. स्पॅमहाउसची पीबीएल नावाची यादीच यासाठी आहे. तुमचा आयपी तिथे सापडला तर घाबरू नका. तुम्ही स्पॅम पाठवलंत असा त्याचा अर्थ होत नाही, या पत्त्यावरून कुणी थेट मेल पाठवणं अपेक्षित नाही एवढंच.

मला तीन गोष्टी सांगा.

एक, पोस्टकॉन्फ -एन (पोस्टफिक्सच्या सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून त्यात रिलेहोस्टपुढे, म्हणजे मेल ज्याच्यामार्फत जायचा त्या सर्व्हरच्या जागी, काय येतं.

दोन, राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, आयपी काय दिसतो. पहिले दोन आकडे पुरे, पूर्ण इथे टाकू नका.

तीन, कारखान्याच्या डोमेनवर मेलबॉक्स आहेत का, आणि ते कुणाकडे.

आणि हो, सर्व्हरवर /व्हार/मेल या फोल्डरखाली रूट नावाची फाइल आहे का बघा. केवढी आहे तेही.

---

डिस्पॅच_अक्कलकोटरोड · मंगळवार, दुपारी १:३०

जेवणाच्या सुट्टीत बघितलं, पाळी चालू असताना त्या केबिनमध्ये स्वतःचा आवाज ऐकू येत नाही.

रिलेहोस्ट = आणि पुढे काहीच नाही. पण मेन.सीएफ (पोस्टफिक्सची सेटिंगची फाइल) उघडली तर त्याच ओळीच्या वर हॅश लावून जुनी ओळ ठेवलेली आहे, तिच्यात जुन्या इंटरनेटवाल्याच्या मेल सर्व्हरचं नाव. फाइलची तारीख लाइन बदलली त्याच आठवड्यातली.

राउटरवर वॅनचा आयपी १००.७१ ने सुरू होतो.

डोमेन आहे. वेबसाइट आणि सात-आठ मेलबॉक्स एका होस्टिंगवाल्याकडे आहेत. अकाउंटवाले आउटलुकमधून तिथूनच पाठवतात, त्यांचे सगळे मेल जातात.

रूट नावाची फाइल आहे, आणि बापरे, ३१ एमबी. उघडली तर सगळी "अनडिलिव्हर्ड मेल रिटर्न्ड टू सेंडर". म्हणजे जीमेलने परत केलेलं सगळं इथेच साठत होतं की काय?

---

रांगेतला_मेल · मंगळवार, रात्री ९:२०

तसंच. पाठवणारा रूट@टॉवेल.लोकल, म्हणून परत आलेला मेलही रूटलाच. त्या पेटीत डोकावणारं कुणी नव्हतं. तुमच्या सॉफ्टवेअरच्या "पाठवले"चा अर्थ एवढाच, की मेल पोस्टफिक्सच्या हातात दिला. पुढचं त्याला काही ठाऊक नसतं.

आता कथा जुळते. जुन्या लाइनवर पोस्टफिक्स स्वतः कुणाच्या दारात जात नव्हता. मेल जुन्या इंटरनेटवाल्याच्या सर्व्हरला द्यायचा आणि तो पुढे पोचवायचा. त्याने पासवर्ड मागितला नसणार, आपल्याच ग्राहकाचा आयपी बघून घेतलं असणार. लाइन बदलल्यावर तो म्हणाला असेल "रिले ॲक्सेस डिनाइड", आणि लाइन जोडायला आलेल्याने ओळच बंद करून टाकली. त्या दिवसापासून तुमचा डेस्कटॉप जीमेलच्या दारात स्वतःच जाऊन उभा राहतोय.

विजापूररोडकर, तुमचा उपाय चूक नाही. पण त्यांचा वॅन १००.७१ आहे. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा प्रोव्हायडरच्या आतल्या वापराचा, आरएफसी ६५९८. म्हणजे बाहेरचा पत्ता त्यांच्या एकट्याचा नाहीच, आणखी कितीतरी ग्राहकांचा मिळून एक. त्याला रिव्हर्स डीएनएस कुणाच्या नावाने लावणार? आणि स्टॅटिक घेतला तरी टॉवेलच्या कारखान्याने स्वतःचा मेल सर्व्हर जगापुढे उघडून ठेवावा, या मताचा मी नाही. आयपीची पत सांभाळणं हे रोजचं काम आहे. तुमच्या दुकानात तुम्ही स्वतः बसता, म्हणून जमलं.

सोपा रस्ता त्यांच्याकडे आधीच आहे. आउटलुक ज्या होस्टिंगमधून पाठवतं, त्यालाच रिलेहोस्ट करायचं. फक्त यावेळी पासवर्ड देऊन, ५८७ पोर्टवर.

डिस्पॅचदादा, या क्रमाने करा.

सगळ्यात आधी रांग बघा. मेलक्यू चालवा. ४५० म्हणजे "आत्ता नाही, नंतर ये", म्हणून ते मेल पोस्टफिक्स टाकून देत नाही, मूळ सेटिंगमध्ये पाच दिवस पुन्हापुन्हा नेऊन बघतो. ५५० ला लगेच परत पाठवतो. तुम्ही रिले लावलात की रांगेतले सगळे मेल एकदम सुटतील, आणि ज्या गाडीचा माल विकून झाला तिची पॅकिंग लिस्ट व्यापाऱ्याला आज मिळेल. त्याला वाटेल नवी गाडी निघाली. तेव्हा नको ते पोस्टसुपर -डी आणि मेलचा नंबर देऊन काढून टाका. नंबरच्या जागी ऑल लिहू नका, लागणारेही जातील.

मग होस्टिंगच्या पॅनेलमध्ये फक्त या सर्व्हरसाठी एक नवीन मेलबॉक्स काढा, समजा रिपोर्ट@तुमचंडोमेन. मालकांचा किंवा अकाउंटचा पासवर्ड वापरू नका. त्यांनी कधी पासवर्ड बदलला की सकाळचा रिपोर्ट गेला, आणि त्या दिवशी कारण कुणालाच आठवणार नाही.

मेन.सीएफमध्ये:

रिलेहोस्ट = [होस्टिंगचा एसएमटीपी सर्व्हर]:५८७
एसएमटीपी_सॅसल_ऑथ_एनेबल = येस
एसएमटीपी_सॅसल_पासवर्ड_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/सॅसल_पासडब्ल्यूडी
एसएमटीपी_सॅसल_सिक्युरिटी_ऑप्शन्स = नोअनॉनिमस
एसएमटीपी_टीएलएस_सिक्युरिटी_लेव्हल = एनक्रिप्ट
एसएमटीपी_जेनेरिक_मॅप्स = हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/जेनेरिक

चौकोनी कंस सोडू नका. कंस असला की पोस्टफिक्स एमएक्स (डोमेनचा मेल कुठला सर्व्हर घेतो त्याची डीएनएस नोंद) न शोधता नेमक्या त्याच सर्व्हरकडे जातो. पासवर्डच्या फाइलमध्येही नाव अगदी तसंच लिहायचं, कंस आणि पोर्टासकट. एका अक्षराचा फरक पडला तर त्याला पासवर्ड सापडत नाही, तो पासवर्ड न देताच जातो आणि तुम्ही पुन्हा "रिले ॲक्सेस डिनाइड" बघता. फाइल लिहून झाली की पोस्टमॅप चालवा (पोस्टफिक्सला वाचता येईल अशी तिची प्रत बनते), आणि परवानगी ६०० करा, म्हणजे फक्त मालकालाच वाचता येईल, आत पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.

जेनेरिक फाइलमध्ये एकच ओळ: डावीकडे @टॉवेल.लोकल, उजवीकडे रिपोर्टवाला पत्ता. यालाही पोस्टमॅप. मेल बाहेर पडताना पाकिटावरचा आणि आतला, दोन्ही पत्ते बदलतात. हे नाही केलं तर होस्टिंगवालाच अडवील, कारण लॉगिन एका मेलबॉक्सचं आणि पाठवणारा रूट. बरेच जण त्यावर ५५३ देतात, "नॉट ओन्ड बाय यूझर". सूतवाल्याची तक्रारही याच ओळीने मिटते.

व्यापाऱ्याची हेलोची तक्रार रिले लागल्यावर आपोआप संपेल, त्याच्याशी आता होस्टिंगचा सर्व्हर बोलेल. तरी मायहोस्टनेम तुमच्या डोमेनखालचं काहीतरी करून ठेवा. .लोकल हे नाव बाहेर कुठल्याच डीएनएसमध्ये सापडत नाही.

शेवटी एलियसेस फाइलमध्ये (कुणाचा मेल कुणाला द्यायचा ती यादी) रूटपुढे तुमचा रोजचा पत्ता टाका आणि न्यूएलियसेस चालवा. म्हणजे सर्व्हरवरच पुन्हा काही परत आलं तर ते तुमच्यासमोर येईल. होस्टिंगच्या पुढून परत आलेलं मात्र रिपोर्टच्या मेलबॉक्समध्ये येईल, तोही बघत जा.

---

नवीपेठ_ताई · मंगळवार, रात्री १०:०२

मी सीएच्या ऑफिसात हेच सगळं केलं होतं. एक भर घालते, कारण तिथे माझी अख्खी संध्याकाळ गेली होती. एवढं करून लॉगमध्ये "सॅसल ऑथेंटिकेशन फेल्ड... नो मेकॅनिझम अव्हेलेबल" असं आलं, तर पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसू नका. सॅसल म्हणजे लॉगिनची यंत्रणा, पासवर्डपर्यंत तिची गाडी गेलेलीच नसते. उबुंटूवर लिबसॅसल२-मॉड्यूल्स नावाचं पॅकेज वेगळं टाकावं लागतं, ते नसलं की हे येतं. दुसरं कारण वरची नोअनॉनिमसची ओळ. ती लिहिली नाही तर पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये नोप्लेनटेक्स्टही असतं, आणि बहुतेक होस्टिंगवाले प्लेन आणि लॉगिन हे दोनच प्रकार देतात. मग त्याच्याकडे वापरायला प्रकारच उरत नाही.

खरा पासवर्ड चुकला तर ५३५ येतो. तो वेगळा ओळखता येतो.

---

विजापूररोडकर · मंगळवार, रात्री १०:२०

बरोबर आहे, १००.७१ बघून माझा मुद्दा गेला. पण मग थेट जीमेलच का नको? एसएमटीपी.जीमेल, ५८७, ॲप पासवर्ड. होस्टिंगची भानगडच नको.

---

रांगेतला_मेल · मंगळवार, रात्री १०:४५

चालतं, घरच्या सर्व्हरला मी तेच सांगतो. टू-स्टेप चालू करून ॲप पासवर्ड काढायचा. पण साध्या खात्याला दिवसाला पाचशे जणांची मर्यादा आहे. शिवाय फ्रॉममध्ये कारखान्याचा पत्ता टाकला तरी जीमेल तो बदलून स्वतःचा करतं, जोवर तो पत्ता खात्यात आधी जोडलेला नाही. व्यापाऱ्याला पॅकिंग लिस्ट कुणाच्या तरी खासगी जीमेलवरून गेलेली मालकांना आवडेल का, ते तेच सांगतील.

---

डिस्पॅच_अक्कलकोटरोड · बुधवार, रात्री ८:४०

ताई, तुमच्या पाया पडतो. अगदी तेच आलं, नो मेकॅनिझम अव्हेलेबल. पॅकेज टाकलं, पोस्टफिक्स रीलोड केलं, आणि लॉगमध्ये पहिल्यांदा "स्टेटस=सेंट", शेजारी होस्टिंगच्या सर्व्हरचं नाव. मित्र शेजारी बसला होता, म्हणाला, "एवढं काय नाचूलालास बे, एक मेल तर गेला." त्याला काय सांगायचं.

व्यापाऱ्याला गेला. सूतवाल्याला गेला. रांगेतल्या जुन्या लिस्ट आधीच काढल्या होत्या, नाहीतर उद्या दिवसभर फोनच घेत बसलो असतो.

एकच राहिलं. मालकांच्या जीमेलवर पोचला, पण स्पॅममध्ये. "मूळ दाखवा"मध्ये एसपीएफपुढे (डोमेनच्या नावाने कुठून मेल यावा याची नोंद) पर्मएरर, म्हणजे नोंदच चुकलेली, लिहिलंय आणि डीकेआयएमची (मेलवरची डिजिटल सही) ओळच नाही. अकाउंटवाल्यांना विचारलं तर म्हणाले, आमचेही मेल कधीकधी स्पॅममध्ये जातात, आम्हाला वाटलं तसंच असतं.

---

रांगेतला_मेल · बुधवार, रात्री ९:३०

तसंच नसतं. तुमच्या डोमेनच्या डीएनएसमधल्या टीएक्सटी नोंदी बघा, व्ही=एसपीएफ१ ने सुरू होणाऱ्या बहुधा दोन ओळी सापडतील. डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी लागते, आरएफसी ७२०८ मध्ये स्पष्ट आहे. दोन दिसल्या की समोरचा कुठली खरी ते ठरवत बसत नाही, सरळ पर्मएरर देतो.

---

डिस्पॅच_अक्कलकोटरोड · गुरुवार, दुपारी १:४५

दोनच आहेत! एक होस्टिंगवाल्याची. दुसरी, दिवाळीच्या शुभेच्छा एकदम सगळ्या गिऱ्हाइकांना पाठवायला एका कंपनीचं काम घेतलं होतं, त्यांनी सांगून टाकायला लावलेली. आता त्यांचं काम बंद आहे. दोन्ही एकत्र करू का ती काढूनच टाकू?

---

रांगेतला_मेल · गुरुवार, रात्री ९:१५

काम बंद असेल तर काढाच. ज्यांच्याशी व्यवहार संपला त्यांना तुमच्या नावाने मेल पाठवायची मुभा कशाला? पुढे कधी पुन्हा लागलं तर नवी ओळ न टाकता जुन्याच ओळीत, शेवटच्या ~ऑलच्या आधी, त्यांचा इन्क्लूड घालायचा. असे इन्क्लूड वाढवत नेले तरी अडचण होते. एसपीएफ तपासताना डीएनएसच्या शोधांना दहाची मर्यादा आहे, आणि इन्क्लूडच्या पोटातलेही त्यात मोजतात.

होस्टिंगच्या पॅनेलमध्ये डीकेआयएमचं बटण असतं, तेही चालू करा. ते जी टीएक्सटी नोंद देतील ती डोमेनच्या डीएनएसमध्ये गेली का बघा. डीएनएस होस्टिंगवाल्याकडेच असेल तर आपोआप जाते, दुसरीकडे असेल तर हाताने टाकावी लागते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याला एसपीएफ किंवा डीकेआयएम यांतलं एक तरी सक्तीचं केलंय. दिवसाला पाच हजारांवर पाठवणाऱ्यांना दोन्ही, वर डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं ते सांगणारी नोंद). तुमचे दिवसाचे वीस-तीस मेल असतील, पण दोन्ही असू द्या. मेल सर्व्हरवरूनच आपोआप फॉरवर्ड झाला की एसपीएफ मोडतो, डीकेआयएम सहसा टिकतो. व्यापाऱ्याने गोडाऊनच्या पत्त्यावर असं फॉरवर्ड लावलेलं असू शकतं.

---

डिस्पॅच_अक्कलकोटरोड · शनिवार, सकाळी ७:०५

साडेसहाचा रिपोर्ट मालकांच्या इनबॉक्समध्ये. एसपीएफ पास, डीकेआयएम पास. मालकांनी उलट उत्तरही दिलं: "सात नंबर लूम रात्रभर बंद का होता?" म्हणजे नीट वाचला.

जाता जाता एक विचारतो. डिस्पॅचच्या टेबलावरच्या स्कॅनरचे मेलही असेच अडकतात. त्यात ५८७ आणि टीएलएस निवडायची सोयच नाही, जुना आहे. त्याला याच सर्व्हरकडे वळवलं तर चालेल का?

---

रांगेतला_मेल · शनिवार, सकाळी १०:३०

चालेल, आणि तेच करा. स्कॅनरमध्ये एसएमटीपी सर्व्हर १९२.१६८.१.२०, पोर्ट २५, पासवर्ड रिकामा. पोस्टफिक्समध्ये इनेट_इंटरफेसेस ऑल करा. ही सेटिंग बदलल्यावर रीलोड पुरत नाही, रीस्टार्ट लागतो. मायनेटवर्क्समध्ये (कुणाचे मेल पासवर्डशिवाय पुढे न्यायचे ती यादी) आधीच्या १२७.०.०.०/८ च्या जोडीला स्कॅनरचा एकट्याचा पत्ता लिहा, शेवटी /३२ लावून. स्कॅनरला राउटरमधून पत्ता पक्का करून द्या, नाहीतर एक दिवस लाइट जाऊन आली की त्याचा पत्ता बदलेल आणि पुन्हा शोधाशोध.

पूर्ण १९२.१६८.१.०/२४ लिहिलं तरी चालतं, पण मग ऑफिसात वायफायवर आलेला कुणाचाही व्हायरसवाला लॅपटॉप तुमच्या रिपोर्ट मेलबॉक्समधून मेल पाठवू शकतो, आणि होस्टिंगवाला तो मेलबॉक्स बंद करतो. ०.०.०.०/०, म्हणजे सगळं जग, तर कुणी सांगितलं तरी लिहू नका. राउटरवर २५ पोर्ट आत वळवलेलं नाही, हेही बघून घ्या.

स्कॅनरचा फ्रॉम पत्ता रिपोर्टवालाच टाका. तिथे स्कॅनर@वगैरे लिहिलं असेल तर जेनेरिक फाइलमध्ये त्याचीही एक ओळ लागेल, आणि नंतर पोस्टमॅप.